जुन्या बोटीला चमक कोणती लावावी? आधी ती उतरेल कशी ते बघा

मुंबईत गाड्या धुणाऱ्या दर दुसऱ्या दुकानाबाहेर आता 'सिरॅमिक कोटिंग'ची पाटी असते. कुठे ३ वर्षांची हमी, कुठे ५ वर्षांची. एखादा धाडसी दुकानदार तर 'लाइफटाइम' लिहून मोकळा होतो. कोणाचं लाइफ, ते मात्र लिहीत नाही. ही हवा आता धक्क्यापर्यंत पोचली आहे. मे महिन्यात वर्सोव्याच्या एका नाखवा मित्राचा फोन आला. म्हणाला, "अरे, तुमच्या शिडाच्या बोटीला ते काचेचं कोटिंग लावलंत ना? खरंच टिकतं काय? पोरानं व्हिडिओ दाखवला, पाणी नुसतं पळत होतं त्याच्यावरून. माझी बोट म्हातारी झालीय, पण तिच्या अंगावर जरा तेज येत असेल तर बघतो."

मला पटकन हो किंवा नाही म्हणता येईना. कुठल्या डब्यातला माल किती टिकेल हे डब्यावर वाचून कळत नाही, तो कशावर लावणार यावर ते ठरतं. म्हणून त्याला जे तासभर फोनवर सांगितलं, तेच जरा नीट मांडून इथे देतोय. आमची बोट चौघांनी मिळून जुनी घेतलेली, फायबरची, वीसेक फुटी. तिच्यावर आजवर मेण, पॉलिमर, सिरॅमिक आणि एक शुद्ध मूर्खपणा असं सगळं लावून झालंय. मूर्खपणाची गोष्ट पुढे येईलच.

चमक मुळात येते कुठून

फायबरची बोट साच्यात बनते, आणि गंमत म्हणजे ती बाहेरून आत अशी बनते. साचा आतून आरशासारखा घोटलेला असतो. त्यात सगळ्यात आधी रंग मिसळलेल्या पॉलिएस्टर रेझिनचा थर फवारतात. तो थर धरला की त्यावर काचेच्या तंतूंच्या चटया आणि रेझिन असे थरावर थर चढवतात. सगळं कडक झालं की बोट साच्यातून काढतात आणि पहिला थर आपोआप सगळ्यात बाहेर येतो. त्या थराचं नाव जेलकोट.

उकडीचे मोदक साच्यात केले असतील तर हे लगेच समजेल. साच्याच्या आतल्या बाजूला जे असेल तेच मोदकावर बाहेरून उमटतं. साचा गुळगुळीत तर मोदक गुळगुळीत. नव्या बोटीची झळाळी ही खरं तर साच्याची झळाळी असते, कोणी वरून लावलेली नसते.

जेलकोटची जाडी असते साधारण अर्धा मिलिमीटर. आपलं एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटरचं असतं, म्हणजे त्याहूनही पातळ. आतल्या काचतंतूंना ऊन आणि पाणी यांच्यापासून वाचवायचं काम एवढ्याशा थरावर असतं. आणि तो पुन्हा उगवत नाही. तुम्ही घासून, बफ करून चमक आणता तेव्हा यातलाच थोडा उडवता. मुदत ठेवीतून पैसे काढण्यासारखं आहे हे. दर वर्षी थोडे काढले तर बरीच वर्षं जातात, पण तळ दिसू लागला की कुठलंही पॉलिश कामाचं नाही.

ऊन, मीठ आणि चाळीतली भिंत

जेलकोटमध्ये रेझिनच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या असतात आणि त्यांनी रंगाचे कण धरून ठेवलेले असतात. उन्हातले अतिनील किरण या साखळ्या तोडतात. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला सूर्य अगदी डोक्यावर येतो, तेच 'शून्य सावली'चे दिवस. जुलैत आभाळ भरलेलं असतं म्हणून निभावतं. पण एप्रिल-मेमध्ये दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो, आणि जगभरच्या मोजपट्टीवर ११ च्या पुढचा सगळा प्रकार 'अतितीव्र' या एकाच खान्यात टाकतात. आपण त्या वेळी सावलीत असतो. बोट नसते.

साखळ्या तुटल्या की धरून ठेवलेले कण मोकळे होतात आणि पृष्ठभागावर पूड जमते. जुन्या चाळीत चुना मारलेल्या भिंतीला टेकून बसायचं आणि उठल्यावर आईनं पाठ झटकायची, आठवतं? तेच हे. पृष्ठभाग खडबडीत झाला की त्यावर पडलेला उजेड एका दिशेला परतत नाही, विखुरतो, आणि आपल्याला बोट मळकट, फिकट दिसते. लाल आणि गडद निळ्या बोटींवर हे लवकर कळतं. पांढरी बोट बरीच वर्षं मालकाला फसवते.

मिठाचं काम वेगळं. खारं पाणी सुकलं की मागे बारीक स्फटिक राहतात. त्यावरून कोरडं फडकं फिरवणं म्हणजे भांडी घासायच्या पुडीनं बोट पुसणं. आधी गोडं पाणी भरपूर ओतायचं, मगच हात लावायचा. कोटिंग कुठलंही लावा, त्याचं आयुष्य या एका सवयीनं जितकं वाढतं तितकं डबा बदलून वाढत नाही. आमच्यातल्या एकाला हे अजून पटलेलं नाही. तो किनाऱ्यावर उतरला की थेट चहाच्या टपरीवर असतो.

दुकानात जाण्याआधी तळहात फिरवा

जुन्या बोटीची नाडी बघायला कुठलंही यंत्र लागत नाही. बोट धुवून पूर्ण सुकू द्या आणि बाजूवरून तळहात जोरात फिरवा. हात स्वच्छ निघाला तर नशीबवान आहात. पांढरा झाला, किंवा लाल बोटीवर गुलाबी झाला, तर पूड सुटतेय.

मग तोच भाग पाण्यानं ओला करा आणि बघा. ओला असताना रंग एकदम जुन्या दिवसांसारखा खुलला आणि सुकल्यावर परत मेला, तर ती चांगली बातमी आहे. पाणी खाचांमध्ये भरून पृष्ठभाग तात्पुरता सपाट करतं, म्हणून चमक दिसते. याचा अर्थ खराबी वरवरची आहे, घोटून परत आणता येईल. ओलं करूनही रंग ठिगळांसारखाच दिसला, किंवा खालचं काचतंतूंचं विणकाम डोळ्यांना दिसायला लागलं, तर जेलकोट संपत आलाय. अशा बोटीला मेण लावणं म्हणजे फाटक्या सदऱ्याला स्टार्च करणं. तिथे रंगाचाच विचार करायला हवा.

कोळिष्टकासारख्या बारीक भेगा दिसल्या तर त्याही आधी बुजवायच्या असतात. त्या विशेषतः कडांना आणि जिथे बोट धक्क्याला आपटते तिथे असतात. मेण त्यांत जाऊन बसलं तर नंतर लांबी, म्हणजे भेगा भरायची पुट्टी, धरत नाही.

डब्यात काय असतं

बाजारात नावं शंभर असली तरी माल चार जातींचा आहे.

पहिली जात मेणाची. यात मानाचं मेण कार्नोबा. ब्राझीलमध्ये ताडाच्या कुळातलं एक झाड आहे, त्याच्या पानांवर हे साचतं. नैसर्गिक मेणांमध्ये हेच सगळ्यात टणक, ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळणारं. मधमाशांचं मेण ६२-६४ अंशांनाच वितळतं. मेण जेलकोटला चिकटतं म्हणजे नुसतं त्याच्या खाचांत बसून राहतं, कुठलाही रासायनिक संबंध जोडत नाही. डोक्याला लावलेल्या खोबरेल तेलासारखं: छान दिसतं, राखतंही, आणि शांपूनं जातं. भांडी घासायच्या साबणानं बोट धुतलीत तर मेण त्याच दिवशी गेलं समजा. मुंबईच्या उन्हात, बोट उघड्यावर असेल तर, आम्हाला ते दोन महिन्यांच्या वर कधी पुरलेलं नाही.

दुसरी जात पॉलिमर सीलंटची. इथून पुढे नुसतं सीलंट म्हणतो. हे द्रव लावताना मेणासारखंच वाटतं, पण सुकताना त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि जाळी तयार होते. बिडाचा नवा तवा तेल लावून तापवतो तेव्हा काय होतं? तेल तेल राहत नाही, त्याचा काळा, कोरडा, घट्ट थर बनतो जो पाण्यानं धुवून जात नाही. सीलंटची कल्पना तीच, फक्त उष्णतेऐवजी रसायन काम करतं. ४ ते ६ महिने ही त्याची वाजवी अपेक्षा.

तिसरी जात सिरॅमिकची. नाव भारी असलं तरी चिनी मातीशी याचा संबंध नाही. यात सिलिकॉन आणि ऑक्सिजनची जोडणी असलेले रेणू असतात, म्हणजे काच ज्या कुळातली त्याच कुळातले. हवेतला ओलावा शोषून ते कडक होतात. थर होतो फक्त एक-दोन मायक्रॉनचा, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. खालचा पृष्ठभाग निरोगी आणि स्वच्छ असेल तर हा थर वर्ष-दोन वर्षं टिकतो. 'असेल तर' हे दोन शब्द पुन्हा वाचा.

चौथी जात ॲक्रिलिकची. फरशी चमकवायच्या द्रवाचा हा भाऊ. पाण्यासारखा पातळ, फडक्यानं चार-पाच हात द्यायचे, आणि मेलेली बोट तासाभरात ओल्यासारखी चमकते. घासायची गरजच नाही. जुन्या बोटवाल्यांना सगळ्यात मोठा मोह याचाच होतो.

पाणी मोत्यासारखं थांबलं म्हणजे झालं का?

व्हिडिओत पाणी पळताना दाखवतात कारण दाखवण्यासारखं तेवढंच असतं. पण पाण्याचे मोती होणं हा पृष्ठताणाचा खेळ आहे. अळूच्या पानावरही मोती होतात, आणि अळवावरचं पाणी ही म्हण आपल्याकडे कशासाठी वापरतात ते सांगायला नको. पाणी पळतं म्हणजे पृष्ठभागाला पाणी आवडत नाही, एवढंच सिद्ध होतं. खालच्या जेलकोटला उन्हापासून किती वाचवलं जातंय याचा त्यातून काही पत्ता लागत नाही. उलट आडव्या भागावर खाऱ्या पाण्याचे मोती तसेच उन्हात सुकले की प्रत्येक मोत्याच्या जागी मिठाचं एक गोल वर्तुळ राहतं. आमच्या केबिनच्या छतावर असं पूर्ण नक्षीकाम झालं होतं.

दुसरी फसवी गोष्ट म्हणजे 'नाइन एच कडकपणा'. दुकानदार हे असं सांगतो की जणू हिऱ्याच्या खालोखाल. हिरा १० हा आकडा खनिजांच्या मोस मोजपट्टीवरचा. नाइन एचमधला नऊ हा चित्रकलेच्या पेन्सिलीचा. टू बी, एचबी, टू एच असतात ना, त्याच रांगेच्या टोकाची पेन्सिल. ती ठरावीक कोनात दाबून ओढली आणि ओरखडा उठला नाही, एवढीच ती चाचणी. धक्क्याच्या खडबडीत दगडाशी किंवा शेजारच्या बोटीच्या लोखंडी खिळ्याशी तिचा काही संबंध नाही. एक-दोन मायक्रॉनचा थर कितीही कडक असला तरी त्यातून ओरखडा आरपार जाणारच.

मूर्खपणाची गोष्ट

बोट घेतली त्या वर्षी आम्ही तिला घासायला कंटाळलो. ऑक्टोबरचं ऊन, चौघांपैकी दोघं आले नव्हते, आणि बाजूंवर हात फिरवला की शाळेतला फळा पुसल्यासारखा तळवा पांढरा. कोणीतरी ॲक्रिलिकची बाटली आणली. साबणानं धुवून, पूड तशीच ठेवून, आम्ही तिला पाच हात दिले. संध्याकाळी उतरत्या उन्हात बोट अशी दिसत होती की येणारे-जाणारे थांबून विचारत होते, नवीन घेतली काय. फोटो काढले. ते अजून आहेत.

फेब्रुवारीत पिवळसर झाक आली. मार्चमध्ये पाण्याच्या रेषेजवळ कडा उचलल्या गेल्या. मे महिन्यात ती उन्हानं सोललेल्या पाठीसारखी दिसू लागली, इथे एक पापुद्रा, तिथे एक. नखानं ओढला तर वीतभर निघायचा, आणि ज्या जागी निघू नये वाटायचं तिथेच निघायचा. मग तो उरलेला थर उतरवायला बसलो. खास उतरवणीचं द्रावण, ताठ ब्रश, पुन्हा द्रावण, लाकडी पट्टी. दोन रविवार गेले. कोपऱ्यात आणि दोरीच्या कडीखाली तो अजूनही आहे, मधासारखा पिवळा.

चूक त्या मालाची होती असं मी म्हणणार नाही. त्यानं जे धरलं होतं ती पूड होती, आणि पूड जेलकोटला धरून नव्हती. पोपडे आलेल्या भिंतीवर उत्तम प्लास्टिक पेंट मारला तरी तो पोपड्यांसकट खाली येतो, हे रंगारी सांगतो तेव्हा आपण मान डोलावतो. बोटीच्या वेळी विसरलो.

त्या दोन रविवारांपासून मी कुठलाही डबा हातात घेतला की पहिला प्रश्न हाच विचारतो: हे उतरवायचं कसं? नव्या बोटीच्या मालकानं किती टिकेल ते विचारावं. जुन्या बोटीवर दर काही महिन्यांनी कुठेतरी डागडुजी असते. कुठे भेग भरायची असते, कुठे कडी बदलायची असते, कधी अख्खी बाजू रंगवायची असते. तेव्हा वर काय आहे आणि ते कसं निघेल यावर पुढचा सगळा खर्च ठरतो. मेण साबणानं आणि सॉल्व्हंटनं, म्हणजे मेण विरघळवणाऱ्या द्रवानं, जातं. सीलंट थोड्या कंपाउंडनं, म्हणजे बारीक घर्षणकण असलेल्या मलईनं, जातं. ॲक्रिलिकला उतरवणीचं द्रावण आणि दोन रविवार. सिरॅमिक फक्त घासूनच जातं, म्हणजे जाताना ते तुमच्या मुदत ठेवीतला थोडा जेलकोटही घेऊन जातं.

मग जुन्या बोटीला काय लावायचं?

हात पांढरा होत असेल तर आधी ती पूड काढायची, याला पळवाट नाही. आमचा क्रम असा असतो: गोड्या पाण्यानं धुणं, जुनं मेण सॉल्व्हंटच्या फडक्यानं पुसणं, आणि मग कंपाउंड, बफिंग मशीनवर लोकरीच्या पॅडनं. फारच वाईट जागा असेल तरच त्याआधी पाण्याचा पॉलिश पेपर, ८०० किंवा १००० नंबरपासून वर. मशीन एका जागी थांबवायचं नाही आणि कडांवर तर अजिबात दाबायचं नाही, कारण साच्यात कडांना जेलकोट सगळ्यात पातळ बसलेला असतो. दोन फूट बाय दोन फूट असे चौकोन धरून काम करायचं. मोठा भाग एकदम घेतला की मलई उन्हात सुकते आणि मशीन नुसतीच धूळ उडवते.

गंजाचे तपकिरी ओघळ असतील तर ऑक्झॅलिक ॲसिडचं सौम्य द्रावण हातमोजे घालून लावा आणि लगेच धुवा. संडास साफ करायचं ॲसिड वापरणारे लोक मी पाहिलेत. डाग जातो, शेजारची धातूची पट्टीही जाते.

एवढं झाल्यावर माझं मत: बहुतेक जुन्या बोटींना सीलंट, वर्षातून दोनदा. मेणापेक्षा तिप्पट नसलं तरी दुप्पट नक्की पुरतं, आणि बिघडलं तर अर्ध्या दिवसात मूळपदावर येता येतं. सीझनच्या मध्यात, जानेवारीच्या आसपास, ज्या भागाला जास्त ऊन लागतं तिथे त्यावर मेणाचा एक हात. मेण सीलंटवर चालतं. उलटं चालत नाही, मेणावर सीलंट धरत नाही.

सिरॅमिक मी वाईट म्हणत नाही. पूड निघालेली आहे, जेलकोट अजून भरपूर आहे, पुढची दोन-तीन वर्षं रंगाचा विचार नाही आणि बोट आच्छादनाखाली ठेवता येते, अशा बोटीला ते शोभतं. पण अशी जुनी बोट दहात एखादी. शिवाय मुंबईची दमट हवा ते फार लवकर धरवते. लावल्यावर जास्तीचं पुसायला मिनिटभर उशीर झाला की तिथे इंद्रधनुषी डाग कायमचा बसतो. आमच्या डाव्या बाजूला असा एक आहे, नकाशातल्या श्रीलंकेच्या आकाराचा.

"गाडीचं वॅक्स चालतं की, वेगळं कशाला?"

चालतं. फक्त कमी चालतं. गाडीचा सगळ्यात वरचा पारदर्शक थर भट्टीत भाजलेला, पातळ आणि घट्ट असतो. जेलकोट त्यामानानं सच्छिद्र, जाड आणि मऊ. गाडीचं वॅक्स त्यात मुरून जातं आणि दोन आठवड्यांत तुम्ही पुन्हा डबा शोधता. गाडीचं कंपाउंडही फार बारीक पडतं, तासभर घासून हाताला कळ आणि बोटीला काही नाही. तातडीच्या वेळी, पाहुणे यायचेत म्हणून, लावायला हरकत नाही.

"एवढं करण्यापेक्षा सरळ रंगच मारू"

जेलकोट संपलाय अशा बोटीला हेच बरोबर. दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग नीट मारला तर ५ ते १० वर्षं टिकतो आणि मेणाची तशी गरजही राहत नाही. फक्त दोन गोष्टी.

या रंगाच्या दुसऱ्या भागात आयसोसायनेट असतात. फवारणीत ते श्वासावाटे गेले तर दम्यासारखा त्रास कायमचा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून बंद शेडमध्ये हा रंग फवारणारी पोरं मी पाहिली आहेत. रुमालानं काही होत नाही. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क नसेल तर फवारणी नको, ब्रश आणि रोलरनं मारा, आणि तेही उघड्या हवेत.

दुसरं, रंग मारायच्या विचारात असाल तर त्याआधीचं वर्षभर सिलिकॉन असलेलं पॉलिश बोटीजवळ आणू नका. त्याचा अंशही राहिला तर ओला रंग तिथून मागे सरतो आणि गोल गोल खड्डे पडतात. रंगारी त्याला 'फिश आय' म्हणतात, माशाचा डोळा. बोटीवर निदान नाव तरी शोभतं.

जिथे काहीच लावायचं नाही

डेकवर, म्हणजे जिथे पाय ठेवता तिथे, मेण, सीलंट, सिरॅमिक काहीही नको. पायाखाली दाणेदार पृष्ठभाग मुद्दाम केलेला असतो. त्याला चमक आली की एखाद्या लाटेला कोणीतरी थेट पाण्यात. शिडीच्या पायऱ्या आणि बसायच्या जागा यांनाही हाच नियम.

पाण्याखालच्या भागावरही नाही. तिथे शंख, शेवाळ धरू नये म्हणून वेगळा रंग असतो, तो मेणावर बसतच नाही. वरच्या बाजूला मेण लावताना हात खाली घसरला की पुढच्या वर्षी नेमका तिथेच रंग सोलला जातो. पाण्याच्या रेषेवर चिकटपट्टी लावून मगच काम सुरू करा.

आणि लाकडावर मेण नको. पूर्वी लाकडी मचव्यांना माशाच्या तेलाचे हात द्यायचे, कोळीवाड्यात त्या वासाची आठवण असलेली माणसं अजून आहेत. ते तेल लाकडात मुरायचं. मेण वरच राहतं आणि नंतर वार्निश धरू देत नाही. सागाला एक तर तेल लावा किंवा वार्निशचे सहा-आठ हात द्या आणि दर वर्षी वरचे दोन नवे करा. तेल लावलेली फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसासारखं सुकणारं तेल हवेशी संयोग होताना तापतं, आणि बोळ्यात ती उष्णता कोंडून फडकं आपोआप पेटू शकतं. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

आणि नाखव्याच्या बोटीला?

त्याला मी सिरॅमिक नको म्हणालो. मासेमारीची बोट वर्षभर धक्क्याला, टायरांना आणि एकमेकींना घासत उभी असते. बाजूंवर जाळी ओढली जातात, बर्फाच्या पाट्या आपटतात. तिथे दोन मायक्रॉनचा थर आठवडाभरही अखंड राहायचा नाही. बाजूंना रंग, आणि केबिनच्या वरच्या भागाला, जिथे काही घासत नाही पण दिवसभर ऊन असतं, तिथे कंपाउंड करून सीलंट. नाव लिहिलेल्या पट्टीवरही, कारण तिथला लाल रंग सगळ्यात आधी उडतो आणि त्याला खरं दुःख त्याचंच होतं.

वेळेचं म्हणाल तर त्याचं आणि आमचं गणित निराळं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या असतात, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा जायचं असतं. म्हणजे त्याच्या हाताला वेळ असतो तेव्हा नेमका पाऊस असतो. त्यानं घासायचं काम मेच्या अखेरीलाच उरकावं, सीलंट तेव्हाच लावावं, आणि पावसात नुसतं झाकून ठेवावं. झाकताना निळी ताडपत्री अंगाला घट्ट गुंडाळायची नाही. खाली बांबू घालून वारा खेळता ठेवायचा, नाहीतर आत वाफ कोंडून जेलकोटवर पांढरे चट्टे येतात. आमच्या शिडाच्या बोटी पावसाळाभर बाहेर असतात आणि ऑक्टोबरात पाण्यात जातात, म्हणून आमचं काम ऑक्टोबरच्या पहिल्या कोरड्या आठवड्यात. सकाळी दव सुकल्यावर सुरू, अकराला बंद. पृष्ठभाग हाताला गरम लागला की थांबायचं.

तरीही कोणाला सिरॅमिक करायचंच असेल, तर आधी एक फूटभर चौकोनावर लावून सीझनभर बघा, आणि बाटली लागेल तेवढीच लहान घ्या. ओलाव्यानं धरणारा माल तो, एकदा झाकण उघडलं की मुंबईची हवा आत शिरलीच. आमच्या कपाटात पहिल्या वेळची अर्धी उरलेली बाटली आहे. उलटी केली तरी आतलं हलत नाही. शेजारी त्याच दिवशी आणलेला मेणाचा डबा आहे, त्यातलं मेण या जानेवारीतही लावलं.